गृहीतक, परिकल्पना की सिद्धांत?

विचारणा, कराड: नववीच्या प्रकल्पवह्या तपासतेय. एका मुलीनं लिहिलंय, 'कोयना धरणामुळे भूकंप होतात हा सिद्धांत आहे.' सिद्धांत हा शब्द इथे खटकतो. पण त्याजागी 'गृहीतक' लिहावं, तर जे गृहीतच धरलं ते तपासायचं कशाला, असं वर्गात कुणीतरी विचारणारच. हायपोथिसिसला नेमकं काय म्हणायचं? आणि त्याची थिअरी कधी होते?

वाईहून: ताई, शंका रास्त आहे. गृहीतक भूमितीत शोभतं. युक्लिडची गृहीतकं आपण सिद्धतेविना मान्य करतो आणि पुढची प्रमेयं त्यांवर उभी करतो. विज्ञानात मात्र विधान मांडायचं ते तपासण्यासाठीच. त्याला परिभाषेत 'अभ्युपगम' असा शब्द आहे, तो थेट न्यायदर्शनातला, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातला. गौतमाच्या न्यायसूत्रांत सिद्धांताचे चार प्रकार येतात: सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. यातला चौथा म्हणजे एखादी गोष्ट तूर्त मान्य करून तिच्या तपशिलाची परीक्षा करणं. मला हा शब्द मनापासून आवडतो, पण नववीच्या जिभेला जड जाईल. 'परिकल्पना' चालवा.

सांगलीहून: कोयनेचंच पाहू. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जलाशयात पाणी साठू लागलं, मग बारीक धक्के जाणवू लागले आणि 11 डिसेंबर 1967च्या पहाटे मोठा भूकंप झाला. यावरची परिकल्पना अशी: पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक भेगेवर सरकतो. हे खरं असेल तर धक्के जलाशयाच्या आसपासच व्हायला हवेत आणि पावसाळ्यात धरण भरल्यावर वाढायला हवेत. नोंदी याला बऱ्याच अंशी दुजोरा देतात. पुढे गोठणे इथे 3 किलोमीटर खोल विंधणविवर घेतलं, तेही सव्वा किलोमीटर काळ्या कातळाखालचा ग्रॅनाइटी खडक प्रत्यक्ष तपासायला.

पण म्हणून या परिकल्पनेला बढती मिळून तिची थिअरी झाली, असं नव्हे. थिअरीचा आवाकाच वेगळा. 1906च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर अमेरिकी भूभौतिकतज्ज्ञ रीड यांनी मांडलं, की ताणानं खडक हळूहळू वाकतो आणि सहन होईना की तुटून झटक्यात पूर्वस्थितीकडे येतो. ही थिअरी. तिनं जगभरच्या भूकंपांचा उलगडा होतो आणि कोयनेची परिकल्पनाही तिच्याच आधारानं मांडता येते.

वाईहून: अशा थिअरीला मी 'उपपत्ती' म्हणेन. एखाद्या घटनेची उपपत्ती लावणं म्हणजे ती का घडते याची संगती लावणं, हे मराठीत मुरलेलंच आहे. सिद्धांत म्हटलं की मुलांना वाटतं, झालं, आता यात बदल नाही. उलट गप्पांत 'ही आपली माझी थिअरी' म्हणजे निव्वळ अंदाज. उत्क्रांतीला 'नुसती थिअरी' म्हणून उडवून लावणारे याच बोलीतल्या अर्थावर विसंबतात. जीवाश्म, शरीररचना, जनुकं या साऱ्यांची एकत्र संगती लावणारी उपपत्ती अंदाज कशी असेल?

कराड: मग असं लिहायला सांगते: 'कोयना परिसरातले भूकंप जलाशयाच्या पाण्यामुळे होतात, ही परिकल्पना आहे.'

सांगलीहून: 'होतात' काढा, मॅडम. ताण मुळातच खडकात असतो, पाणी फक्त निमित्त होतं. 'ताणाखालच्या खडकात जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते' असं घ्या. आणि शेजारी पाणीपातळी आणि धक्के यांचा महिनावार तक्ता मांडायला सांगा, म्हणजे तिची परिकल्पना तिलाच तपासता येईल.