गच्चीवरचं सोलर भंगारात काढावं का? ठाण्याच्या टॉवरमधल्या गरम पाण्याचा हिशेब

टेरेसवाला (धागाकर्ता):
घोडबंदर रोडला 22 मजल्यांचा टॉवर धरा. मजल्यावर 4 फ्लॅट, एकूण 88 घरं. गच्चीवर बिल्डरने ओसीपुरतं (भोगवटा दाखला मिळण्यापुरतं) लावलेलं सोलर वॉटर हीटर, निम्म्या काचेच्या ट्यूबा फुटलेल्या, टाकीचा पत्रा गंजलेला. अशा सोसायटीच्या एजीएमला (वार्षिक सभेला) तीन सूचना येतात: सोलर दुरुस्त करा, सेंट्रल हीट पंप (सगळ्या इमारतीचं पाणी तापवणारं एकच यंत्र) बसवा, नाहीतर ज्याने त्याने आपापला गीझर बघावा. माझं मत तिसऱ्याला. गच्ची मोकळी करून तिथे वीज बनवणारी पॅनेलं लावावीत.

कारण साधं आहे. पाणी तापवायला वीज किती लागते ते काढा: लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले 860 (एका युनिटच्या किलोकॅलरी), आलं युनिटमध्ये उत्तर. डिसेंबरात टाकीचं पाणी 24 अंश धरा, अंघोळीचं 40. चार माणसं, प्रत्येकी 20 लिटरची बादली: 80 × 16 ÷ 860, म्हणजे दीड युनिट. महिन्याला 45. महावितरणच्या 101 ते 300 च्या टप्प्यात वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्कासकट युनिटला 13 रुपये धरले तर 585 रुपये. उन्हाळ्यात जवळपास शून्य. एवढ्यासाठी 22 मजले गरम पाण्याचे पाईप फिरवायचे?

सोलरची खरी गोची पाईपात आहे. आतून 20 मिमीच्या पाईपात मीटरमागे 0.31 लिटर पाणी मावतं. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत 70 मीटर म्हणजे साधारण 22 लिटर. सकाळी पहिल्या उठणाऱ्याची पूर्ण बादली थंड जाते, तीही टँकरच्या पाण्याची. आणि गरम पाणी हवं असतं तेव्हा, जून ते सप्टेंबर, आभाळ भरलेलं.

नौपाडाकर:
585 चा आकडा फसवा आहे. ज्यांचं बिल आधीच 290 युनिटचं आहे त्यांना गीझरने 300 ओलांडलं की सगळं बिलच वरच्या दराने येतं.

सोळा अँपिअर:
@नौपाडाकर, हा गैरसमज प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. दर टप्प्याटप्प्याने लागतो. 335 युनिट झाले तर वरचा दर फक्त शेवटच्या 35 ला, पहिले 300 आपापल्या टप्प्यातच राहतात. गीझरचे युनिट मात्र नेहमी मीटरच्या टोकाला बसतात हे खरं. एसी चालणाऱ्या घरात त्यांचा हिशेब 13 ने नाही, पुढच्या टप्प्याच्या दराने करायचा.

धागाकर्त्याने आणखी एक गोष्ट गाळली. दीड युनिट पाणी तापवायला लागतं, तापलेलं ठेवायला वेगळं. 25 लिटरची जुनी टाकी दिवसभर चालू ठेवली तर नळ न उघडताही दिवसाला एक युनिटच्या आसपास जातं. गीझरवरचे स्टार हेच मोजतात, टाकी उष्णता किती धरून ठेवते ते. पाणी किती झटकन तापतं याच्याशी त्यांचा संबंध नाही. त्यामुळे जो अंघोळीआधी वीस मिनिटं चालू करून लगेच बंद करतो त्याला पाच स्टारचा फायदा नावापुरता. बटण विसरणाऱ्या घराला मात्र पैसे वसूल.

बसवताना काय बघायचं: 2 किलोवॅटचा गीझर साधारण 9 अँपिअर ओढतो, 3 किलोवॅटचा इन्स्टंट 13. दोघांनाही 16 अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जादा वीज ओढली की पडणारा स्विच), 4 चौरस मिमीची तांब्याची वायर आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच). साडेचार किलोवॅटचा इन्स्टंट 19 च्या वर जातो, तो त्या सॉकेटला लावूच नका. सॉकेटचा आतला पितळी क्लिप सैल झाला की पिनेपाशी प्लेट तपकिरी होते आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. तिथे प्लेट नुसती पुसू नका, सॉकेट बदला आणि वायरचं जळालेलं टोक कापून नवीन टोक जोडा.

नौपाडाकर:
टप्प्यांचं पटलं, पण मग विजेचाच हट्ट कशाला? महानगर गॅसची पाईपलाईन बहुतेक स्वयंपाकघरांत आलेली आहे. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण 8,600 किलोकॅलरी. इन्स्टंट गॅस गीझरने त्यातला 80 टक्के पाण्यात उतरवला तर जवळजवळ 7,000. धागाकर्त्याच्याच 80 लिटरला दिवसाला 0.18 घनमीटर लागेल, महिन्याला साडेपाच. घनमीटरला 50 रुपये धरा, 275 रुपये झाले. विजेच्या निम्म्याहून कमी. पाणी तापलेलं ठेवायच्या खर्चाचा प्रश्नच नाही, टाकीच नसते.

सोळा अँपिअर:
पैशाचा हिशेब बरोबर. पण हा बसवायचा कुठे? टॉवरच्या बाथरूमला खिडकी असते ती डक्टमध्ये उघडणारी, आणि निम्म्या घरांनी तिला काच ठोकलेली. जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, आत असलेला माणूस ओरडायच्या आधी बेशुद्ध होतो. ड्राय बाल्कनी (कपडे धुण्या-वाळवण्याची छोटी गॅलरी) असेल, फ्ल्यू पाईप (जळका वायू नेणारा) थेट बाहेर काढता येत असेल, तरच. बाथरूमच्या आत कधीही नाही, एक्झॉस्ट फॅन लावून सुद्धा नाही. आणि सिलिंडरचा गीझर पाईपच्या गॅसला तसाच जोडायचा नाही, नॉझल वेगळं असतं. वेगळा पॉइंट गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच काढून घ्यायचा. वरच्या दोन मजल्यांना आणखी एक ताप: टाकी डोक्यावर लगेचच असल्याने नळाला दाब कमी, मग अंगाला साबण लावलेला असतानाच ज्योत विझते.

पामबीच:
सगळे एकेका घराचा हिशेब मांडताय. हीट पंपाचं कोणी बोलतच नाही, फक्त धागाकर्त्याने एका ओळीत निकालात काढला. हीट पंप वीज जाळून उष्णता बनवत नाही, हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. आपल्याकडच्या हवेत एका युनिटला तीन ते साडेतीन युनिटची उष्णता मिळते. 88 घरांना दीड युनिटप्रमाणे दिवसाला 131 युनिट उष्णता लागते. ती 40 युनिट विजेत भागते.

वाशीकर९:
हीट पंप थंड देशांत फसतात असं ऐकून आहे. कॅनडातले नातेवाईक म्हणतात, उणे वीसला मशीन नुसतं घुरघुरतं आणि शेवटी हीटरची कॉइलच चालू होते, बिल दुप्पट. इथे मग कशाला तो प्रयोग?

पामबीच:
@वाशीकर९, तिथली अडचण थंडीचीच आहे. बाहेर जितकं थंड, तितकी उष्णता वर उचलायला कॉम्प्रेसरला जोर जास्त. शिवाय बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचतो, तो वितळवायला मशीन मधूनच उलटं चालवावं लागतं. साध्या मशीनचं गुणोत्तर, म्हणजे एका युनिट विजेला मिळणारी उष्णता, अशा थंडीत दोनच्या खाली येतं आणि उरलेली गरज विजेची कॉइल भागवते. तरी नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत, कारण घरं उष्णता धरून ठेवतात आणि मशीन तिथल्या थंडीसाठी बनवलेलं असतं. ठाण्यात डिसेंबरच्या पहाटे 17-18 अंश. मशीनच्या दृष्टीने हा उन्हाळाच.

टेरेसवाला:
40 युनिट हे कागदावर. @पामबीच, रिंग मेनचं (गरम पाणी खाली नेऊन परत वर आणणाऱ्या पाईपांचं) काय? पहिली बादली थंड नको म्हणून पाणी सतत फिरवायचं. चार उभे पाईप, प्रत्येक 66 मीटर खाली आणि 66 मीटर परत, एकूण 528 मीटर. चांगलं इन्सुलेशन असलं तरी मीटरला 10 वॅट गळती धरा. म्हणजे सव्वापाच किलोवॅट, 24 तासांत 127 युनिट उष्णता. 88 घरं वापरतात जवळजवळ तेवढीच डक्ट तापवण्यात गेली! 258 भागिले 3.3, रोजची 78 युनिट वीज. तीही सोसायटीच्या कॉमन मीटरवर, जिथे लिफ्ट आणि पंपांमुळे आधीच 500 च्या वरचा टप्पा. 18 रुपये धरा: 1,404. घराघरातले गीझर 131 युनिट, 13 रुपयांनी 1,703. सगळ्या 88 घरांत मिळून रोजच्या तीनशे रुपयांच्या फरकासाठी मशीन, टाकी, पाईप, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार)?

पामबीच:
24 तास पंप फिरवायला सांगितलं कोणी? टायमर लावा, पहाटे 5 ते साडेनऊ आणि संध्याकाळी दीड तास. सहा तास. गळती 32 युनिटवर येते, पाईप पुन्हा तापवायचं थोडं वाढवा, 35 म्हणा. एकूण 166, वीज 50 युनिट, 900 रुपये. आणि तुमचीच पॅनेलं कॉमन मीटरला जोडा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. दुपारी मशीन चालवून टाकी भरून ठेवली तर दराचा मुद्दाच निघून जातो. घरातल्या गीझरला पहाटे सहाला गच्चीवरचं ऊन कुठून देणार?

एक काळजी मात्र घ्यावीच लागते. 20 ते 45 अंशांत साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो. टाकी 55 ला ठेवा आणि आठवड्यातून एकदा बॅकअप कॉइलने 60 च्या वर न्या. बिल वाचवायला 45 वर ठेवणाऱ्या कमिट्या आहेत, त्या धोका विकत घेतात.

सोळा अँपिअर:
मी अजूनही गीझरच्याच बाजूला. मशीन बंद पडलं की 88 घरं एकदम थंड, आणि प्रत्येकजण बॅकअपला स्वतःचा गीझर ठेवणारच. मग दोन्हीचा खर्च.

गीझरवाल्यांसाठी, टँकर-बोअरचं पाणी असेल तर देखभाल टाळू नका. तापताना टाकीतून चरचर आवाज येतो म्हणजे एलिमेंटवर (आतल्या तापणाऱ्या कॉइलवर) क्षार चढलेत. एमसीबी बंद, इनलेट कॉक बंद, गरम नळ उघडून दाब सोडा, टाकी रिकामी करा, मग फ्लँजचे (एलिमेंट धरणाऱ्या झाकणाचे) नट. आत ओंजळभर पांढरी खडी निघते. मॅग्नेशियमचा रॉड पेन्सिलीपेक्षा बारीक झाला असेल तर बदला, नाहीतर त्याच्याऐवजी टाकीच गंजते. गॅस्केट जुनं परत लावू नका, हमखास गळतं. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी असेल तिथे हा त्रास कमी.

खालच्या मजल्यांना 8 बारचाच गीझर घ्या, 66 मीटरच्या स्तंभाचा दाब साडेसहा बारपर्यंत जातो. आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून ते तोंड बुजवणारे प्लंबर आहेत. 15 लिटर पाणी 25 वरून 60 ला गेलं की पाव लिटरच्या जवळपास फुगतं, ते जायला वाट हवी.

टेरेसवाला:
टायमरचं पटतं, पण तो आकडा रिटर्न लाईन (पाणी परत वर नेणारा पाईप) आहे असं धरून आहे. बिल्डरने सोलरला एकच खाली उतरणारा पाईप टाकला असेल तर? 88 राहत्या घरांच्या डक्टमधून नवीन पाईप ओढायचा म्हणजे टाईल्स फुटणार.

पामबीच:
म्हणून कोटेशन मागवायच्या आधी 3, 11 आणि 20 व्या मजल्याचं डक्ट उघडा. गरम पाण्याच्या पाईपाशेजारी दुसरा, बारीक पाईप वर जाताना दिसला तर रिटर्न आहे. त्याच वेळी इन्सुलेशनची जाडी मोजा, 25 मिमीच्या खाली असेल किंवा सांध्यांपाशी उघडं पडलं असेल तर ते आधी दुरुस्त करावं लागेल. पाईप एकच निघाला तर हीट पंप यादीतून काढा, तुमची पॅनेलं लावा.