कयाक (वल्ह्याची छोटी होडी) गाडीच्या टपावर बांधून मालवणला न्यायचीये, मदत हवी (अर्जंट)

शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचंय. मित्राची प्लास्टिकची कयाक मिळालीये, सिंगल. टपाला सामान बांधायचे रेल नाहीत. दोरी कशी बांधायची एवढंच सांगा, टेम्पो करा वगैरे नको, विचारून झालंय.

चक्रधर: गाडी कुठली ते तरी लिही की राव! कयाक किती फुटी?

धागाकर्ता: वॅगनार. १० फुटी. उचलायला दोघं लागतात.

अण्णा_कोथरूड: एवढं काय त्यात. खाली गादी टाका, काथ्या दारांतून आरपार घ्या आणि आवळा. आम्ही असंच कपाट नेलंय साताऱ्याला.

खारावारा: अण्णा, कपाट पोचलं हे नशीब. पाऊस लागला की दोरीवरून पाणी ओघळत थेट मांडीवर येतं. दाराच्या चौकटीला क्लॅम्प होणारे क्रॉसबार (टपावरचे आडवे दांडे) मिळतात ते घे, पण मॅन्युअलमध्ये टपाची वजनमर्यादा आधी बघ, त्यात बारचं वजनही धरायचं असतं. कयाक पालथी ठेव. पट्टे साध्या बकलचे घे, रॅचेट (खटक्याने आवळायचा पट्टा) करकचून आवळला की उन्हात प्लास्टिक चेपतं. पट्ट्याला एक पीळ दे नाहीतर हायवेला भोंग्यासारखा घुमतो. आणि पुढचं-मागचं टोक खाली बांधल्याशिवाय निघू नकोस, वारा नाक उचलतो.

नियमवाली: पोलीस धरतील. २०१९ पासून लोड बाहेर आला की २०,००० दंड, कलम १९४(१अ).

चक्रधर: अहो ताई, बाहेर आला तर ना! वॅगनार १२ फूट, कयाक १०.

नियमवाली: उंचीचं पण आहे त्यात. वाचा आधी.

सुरमई_फॅन: राहायला देवबागला बघा, थाळी मस्त मिळते. पण कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीला पाण्याला ओढ असते, तिकडे नवख्याने जाऊ नये.

धागाकर्ता: थाळीचं नंतर हो. पुढचं टोक बांधू कशाला? बंपरला हुक दिसत नाहीये.

खारावारा: बॉनेट उघड, फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टात जाड पट्ट्याचा लूप अडकव, बॉनेट लावलं की लूप बाहेर राहतो. दोन्ही बाजूंना कर. अर्ध्या तासाने थांबून परत आवळ, पट्टे सैल पडतातच.

निवांत: फुगवायची कयाक घ्या, डिकीत बसते. कशाला हे सगळं.

अण्णा_कोथरूड: आणि काथ्या घरात असतोच की.

धागाकर्ता: क्लॅम्पवाले बार उद्यापर्यंत पुण्यात कुठे मिळतील? आणि ती फुगवायची कितीला पडते?