वुडीचं उदाहरण पाहा

डीएनएत फरक नगण्य असेल तर दोन सायकड (ताडासारखी दिसणारी, शंकू धरणारी झाडं) एकच प्रजाती धराव्यात, असं काहीजण म्हणतात; ते मत मला पटत नाही. सायकडांचा गट डायनोसॉरांहून जुना, पण आजच्या बहुतेक प्रजाती गेल्या सव्वा कोटी वर्षांतल्याच. फरक साठायला वेळ कुठे मिळाला?

एन्सेफॅलार्टोस वंशातला वुडी हा सायकड घ्या. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्गोये जंगलात त्याचं एकच नर झाड सापडलं. आज बागांमधली सगळी झाडं त्याच्याच फुटव्यांची. मादी मिळालीच नाही, फार वाईट वाटतं. मग प्रजातीतली विविधता मोजायची कशावरून? त्याच वंशातल्या नटालेन्सिस या प्रजातीशी संकर होतो म्हणून काहीजण त्याला तिचाच प्रकार मानतात. पण हाताने परागण केलं तर या वंशातल्या अनेक प्रजातींचा संकर होतो. जंगलात अंतर आणि परागण करणारे सोंडकिडे त्यांना वेगळं ठेवतात.