‘साकोकु’ला मराठीत काय म्हणावं?

जपानच्या इतिहासावरच्या एका मराठी लेखात ‘साकोकु’साठी, म्हणजे सतराव्या शतकात जपानने बाहेरच्या जगाशी येणंजाणं जवळपास बंद केलं त्या धोरणासाठी, ‘अलिप्ततावाद’ हा शब्द वाचला. मला तो खटकतोय. दुसरा कोणता सुचवाल?

– खटकणारच. अलिप्ततावाद म्हटलं की नेहरू, नासर, टिटो आठवतात. तिथे कुठल्या गटात जायचं नाही एवढंच, येणंजाणं चालू. साकोकुत येण्याजाण्याचाच प्रश्न आहे. ‘सा’ म्हणजे साखळी, ‘कोकु’ म्हणजे देश.

– मग सरळ ‘टाळेबंदी’ म्हणा की. साखळी, कडी, टाळं एकाच दाराची.

– अक्षरार्थ जुळतो, पण टाळेबंदीत सगळं ठप्प होतं. जपानात तसं झालं नाही. १६३५ मध्ये जपानी माणसाला परदेशी जायला मनाई झाली, परतणाऱ्याला मृत्युदंड. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजं बंद. पण १६४१ पासून नागासाकीच्या देजिमा बेटावर डच वखार होती, चिनी व्यापारीही नागासाकीत येत. शिवाय सरदारांच्या मुलखांमधून व्यवहार चालायचा: त्सुशिमामार्फत कोरियाशी, सात्सुमामार्फत दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांच्या राज्याशी, मात्सुमाएमार्फत उत्तरेकडच्या ऐनू या मूळ रहिवाशांशी. चार दारं, चारही किलकिली.

आणि त्या हुकमांत ‘साकोकु’ हा शब्दच नाही! केम्फर नावाचा जर्मन वैद्य १६९० ते १६९२ देजिमात होता. जपानने दार लावून घेतलं ते योग्यच, असा निबंध त्याने लिहिला. नागासाकीच्या शिझुकी तादाओने १८०१ मध्ये डच आवृत्तीवरून त्याचं भाषांतर करताना हा शब्द घडवला. पुढे मागासलेपणाचा शिक्का म्हणून वापरला गेलेला हा शब्द मुळात बाजू घेणाऱ्या निबंधातून आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

– ‘सिंधुबंदी’ कशी वाटते? समुद्र ओलांडू नये या रूढीसाठी सावरकरांचा शब्द आयता आहे.

– जवळचा आहे, पण ती रूढीची बेडी. इथे शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याचा, हुकूम. भीतीही वेगळी. ख्रिस्ती धर्मप्रचारक झेवियर गोव्याहून निघून १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला, त्यानंतर वाढत गेलेल्या ख्रिस्ती धर्माचा शोगुनांना धसका होता. आजचे बरेच इतिहासकार साकोकुऐवजी ‘काइकिन’ (समुद्रावरची मनाई) म्हणतात, त्याला मात्र ‘समुद्रबंदी’ चपखल बसेल. ‘साकोकु’ तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘शोगुनांची समुद्रबंदी’ असं जोडावं.

– पटलं. आणि ‘काइकोकु’?

– ‘देश खुला होणं’. १८५४ च्या करारासंबंधी लिहाल तेव्हा ‘मुक्तता’ नको. अमेरिकन नौदलाच्या पेरीच्या तोफा किनाऱ्यासमोर उभ्या होत्या.