हॅशमॅपमध्ये स्वतःच्या क्लासचं ऑब्जेक्ट की म्हणून टाकलं तर गेट नल देतंय

प्रश्न:
जावा शिकतोय. सीट नावाचा क्लास केलाय, त्यात रांग आणि नंबर. हॅशमॅपमध्ये सीट ही की आणि माणसाचं नाव व्हॅल्यू. बी रांग ७ नंबर पुट केलं, मग तसंच नवीन ऑब्जेक्ट बनवून गेट केलं तर नल. इक्वल्स ओव्हरराइड केलंय, वेगळं चेक केलं तर ट्रू येतं. की स्ट्रिंग ठेवली तर मात्र सगळं नीट चालतं, हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर:
हॅशकोड (ऑब्जेक्टवरून एक आकडा काढून देणारी मेथड) लिहिलाय का? मॅप आधी हॅशकोडवरून बकेट म्हणजे कप्पा शोधतो आणि मग फक्त त्या बकेटमध्येच इक्वल्स विचारतो. इक्वल्समध्ये एक प्रिंट टाकून बघ, बहुतेक कॉलच होत नसेल. स्ट्रिंगमध्ये दोन्ही मेथड आधीच लिहिलेल्या आहेत म्हणून ती चालते. तुझ्या हॅशकोडमध्ये ऑब्जेक्ट्स डॉट हॅश वापर आणि त्याला रांग, नंबर दोन्ही दे, म्हणजे सारख्या सीटचा हॅशकोड सारखाच येईल. उलटं मात्र खरं नाही हां, हॅशकोड सारखा आला म्हणजे की सारखी असं नसतं. कॅपिटल ए स्मॉल ए ही स्ट्रिंग आणि डबल कॅपिटल बी, दोन्हींचा हॅशकोड २११२ येतो, करून बघ.

प्रश्नकर्ता:
चाललं, थँक्स! पण आता पुट केल्यावर त्याच सीटचा नंबर सेटरने ८ केला तर ७ ने पण मिळत नाही आणि ८ ने पण नाही. साइज १ दाखवतो, प्रिंट केलं तर एंट्री दिसते पण.

उत्तर:
दिसणारच, एंट्री ७ च्या हॅशवर बसलीये. ८ ने शोधलंस तर हॅशच जुळत नाही, ७ ने शोधलंस तर हॅश जुळतो पण इक्वल्स फॉल्स. रिमूव्ह पण होणार नाही बघ. सेटर काढून टाक, फील्ड फायनल कर. जावा १६ किंवा पुढचं असेल तर सरळ रेकॉर्ड (फील्ड आपोआप फायनल असलेला छोटा क्लास) कर, इक्वल्स-हॅशकोड फुकट मिळतात. नंबर बदलायचाच असेल तर आधी जुनी की रिमूव्ह आणि मग नवीन पुट.

अजून एक उत्तर:
वरचं सगळं बरोबर. फक्त आता मॅप जमला म्हणून नाव, फोन, वय असल्या ठरलेल्या गोष्टी पण स्ट्रिंग की करून मॅपमध्ये कोंबू नकोस, फार जण करतात हे. त्यांना क्लासमध्ये फील्डच हवं, स्पेलिंग चुकलं तर कंपायलर तिथेच ओरडतो, मॅप गुपचूप नल देऊन मोकळा होतो. आणि सीट टाकल्या त्याच क्रमाने हव्या असतील तर लिंक्डहॅशमॅप घे, हॅशमॅप क्रमाची गॅरंटी देत नाही.