पाणी घालून कमी तापमानावर होणारी ओव्हनची सफाई : न निघणाऱ्या डागांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. स्वयंपाकघरातल्या कपाटात बसवलेला, साधारण 70 लिटरचा विजेचा ओव्हन आमच्याकडे आहे आणि त्यात पाणी घालून कमी तापमानावर आतली सफाई करण्याची सोय आहे. ही सोय नेमकी कोणत्या घाणीसाठी असते, तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, आणि तिने न निघालेल्या डागांचे आतल्या मुलाम्याला धक्का न लावता काय करावे, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. ग्राहक-सेवेकडे विचारणा केली असता पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पुन्हा करून पाहा, एवढेच उत्तर मिळाले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पुस्तिकेतली कृती सोपी आहे. ओव्हन पूर्ण थंड असताना जाळ्या आणि ट्रे बाहेर काढायचे, तळावर सुमारे दोन कप पाणी ओतायचे, दार लावायचे आणि सफाईचे बटण दाबायचे. तळाखाली दडलेला हीटर ते पाणी उकळी फुटण्याच्या थोडे अलीकडेपर्यंत, म्हणजे 90 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतो आणि 40 मिनिटांत काम आटोपते. त्यानंतर उरलेले पाणी टिपून घ्यायचे आणि घाण ओली व मऊ आहे तोवरच स्पंजाने किंवा प्लास्टिकच्या घासणीने काढून टाकायची. साबण, तारेची घासणी आणि ओव्हन साफ करण्याचे बाजारातले फवारे वापरू नयेत, असे ठळक अक्षरांत बजावले आहे, कारण तळाचा एनॅमलचा मुलामा या कामासाठी खास केलेला असतो.

हा प्रकार आम्ही विचार करून निवडला. दुसरा जो पायरोलिसिसचा प्रकार असतो, त्यात ओव्हन आतून 450 ते 500 अंशांपर्यंत तापतो, दार आपोआप कुलूपबंद होते आणि दोनतीन तासांत आतल्या घाणीची राख होते. ती राख पुसली की काम संपते, हे खरे. पण आमचे स्वयंपाकघर हॉलला लागून उघडेच आहे, त्यामुळे जळक्या तेलाचा वास आणि धूर घरभर पसरणार, आणि हॉलमध्ये लव्हबर्डचा पिंजरा आहे. इतक्या उष्णतेत नॉन-स्टिकचे एखादे भांडे चुकून आत राहिले, तर त्याच्या मुलाम्यातून निघणाऱ्या वायूंनी पक्षी काही वेळात दगावू शकतात, हे वाचल्यावर तो पर्याय आम्ही बाजूलाच ठेवला. शिवाय तेवढे तास वीज जाळायची, तीही ठाण्याच्या उन्हाळ्यात, हे मला पटत नव्हते. आजही मला आमची निवड योग्यच वाटते आणि हीच पद्धत नीट वापरता यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

काही बाबतींत तिचा गुण खरोखर येतो. उतू गेलेले केकचे मिश्रण, सांडलेले दूध, पास्त्यावरून गळलेला पांढरा सॉस, सफरचंदाच्या पायमधून ओघळून काळा झालेला साखरेचा पाक हे सगळे एका फेरीत इतके मऊ पडते, की फडके फिरवले तरी निघून येते. साखरेचा पाक तर खरवडून कधीच निघाला नसता.

अडचण आहे ती तेलातुपाची. तळाच्या उजव्या बाजूला, दाराजवळ, तळहाताएवढा एक डाग आहे. चिकन भाजताना जाळीवरून चरबी ठिबकून तो झाला आणि पुढे त्याच्यावर पुन्हा पुन्हा भाजणे होत राहिले. मधोमध तो काळा आहे आणि कडेला गडद मधाच्या रंगाचा, लाकडाला व्हार्निश मारावे तसा चकाकतो. त्यावर नख फिरवले तर कड कुठे लागत नाही, इतका तो मुलाम्याशी एकजीव झाला आहे, आणि त्यावर पाणी टाकले तर ते पसरत नाही, थेंब होऊन बसते. सफाईच्या फेऱ्या करूनही त्याच्यात काडीचा फरक पडलेला नाही.

दुसरी गोष्ट अशी, की फेरी झाल्यावर तळावर पांढुरकी वलये उमटतात. ती डाव्या बाजूला अधिक असतात आणि पाणी जिथपर्यंत पसरले होते, त्या कडेची रेघ जणू आखून ठेवतात. ओल्या फडक्याने पुसली की नाहीशी झाल्यासारखी वाटतात, पण तळ वाळला की पुन्हा दिसतात. आमच्या संकुलात महापालिकेचे पाणी येते, पण ते पुरत नाही, आणि उन्हाळ्यात बरेचसे पाणी टँकरचे असते. नळांच्या जाळ्यांवर आणि गीझरमध्ये जसे क्षार बसतात, तेच इथेही असावेत, असा माझा कयास आहे.

डागाबद्दल मी जो विचार केला तो असा. बिडाच्या तव्याला तेल लावून तो तापवत गेले, की त्यावर जो काळा गुळगुळीत राप बसतो आणि जो आपण मुद्दाम जपतो, तोच राप इथे नको त्या जागी बसला असला पाहिजे. तवा पाण्यात बुडवून ठेवला तरी तो राप सुटत नाही. मग 90 अंशांच्या पाण्याने तो इथे तरी कसा सुटणार? माझा हा तर्क बरोबर असेल, तर ही सोय ताज्या सांडलवंडीसाठीच आहे आणि जुन्या तेलकट डागांसाठी ती बनवलेलीच नाही, असे मानावे लागेल. तसे असेल तर ते पुस्तिकेत स्पष्ट लिहायला हवे होते, असे मला वाटते, कारण 'सफाई' हा शब्द वाचून गिऱ्हाईक सगळ्याच घाणीचा विचार करते.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. हा जुना डाग मुलामा न बिघडवता काढता येतो का, आणि येत असेल तर कशाने? पांढऱ्या वलयांवर व्हिनेगर किंवा लिंबूसत्व लावले तर चालेल का? आणि दाराच्या काचेवर आतून जे तपकिरी शिंतोडे बसले आहेत, त्यांवर या फेरीचा परिणाम फारसा दिसत नाही, तर ते खरवडून काढावेत का? कोणी हीच सोय असलेला ओव्हन काही काळ वापरला असेल, तर त्यांचा अनुभव वाचायला विशेष आवडेल.

प्रतिसाद (नेरुळहून)

नमस्कार ताई,

घरगुती उपकरणांच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली, त्यावरून लिहितो. बिडाच्या तव्याबद्दलचा आपला तर्क अगदी बरोबर आहे. तेल जास्त तापले की त्याचे रेणू हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून एकमेकांत गुंफले जातात आणि त्यांचे एक घट्ट जाळे तयार होते. ते तापवून वितळत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. पीठ, साखर, दूध, अंडे यांचे डाग मात्र पाणी शोषून फुगतात किंवा विरघळतात, म्हणून ते निघून येतात. चरबीदेखील ताजी असेल, म्हणजे तिच्यावर पुन्हा भाजणे झाले नसेल, तर कोमट पाण्याने सुटते. म्हणून ही फेरी महिन्यातून एकदा करण्याची गोष्ट नाही. चरबी ठिबकली की ओव्हन थंड झाल्यावर, पुढचे काही भाजण्याआधी ती करावी.

आपल्या लिहिण्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. डाग उजवीकडे दाराजवळ आहे आणि वलये डावीकडे जास्त आहेत. याचा अर्थ पाणी डावीकडे जमते आणि डागाची जागा बहुधा कोरडीच राहते. ओव्हन समतल बसलेला नाही. सुताराकडची पाणसळ तळावर आडवी आणि उभी ठेवून पाहा. कपाटातली फळी वजनाने एका बाजूला दबलेली असते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. या सफाईत पाणी जिथे उभे राहते तिथेच काम होते. छताला आणि बाजूंना फक्त वाफेचा ओलावा मिळतो, दाराच्या काचेला तर त्याहून कमी.

जुन्या डागासाठी खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून दाटसर लेप करावा. आधी कोपऱ्यातल्या लहानशा जागी लावून मुलाम्याची चमक जात नाही ना, ते पाहावे आणि मगच डागावर लावून रात्रभर ठेवावा. सकाळी प्लास्टिकच्या घासणीने हलक्या हाताने चोळून स्वच्छ पाण्याने अनेकदा पुसावे. एकदम निघणार नाही, थराथराने पातळ होत जाईल. बाजारातल्या फवाऱ्यांत दाहक सोडा असतो. तो चरबीचा साबण करतो, म्हणून त्याचा गुण लवकर दिसतो, पण खास मुलाम्यावर तो वापरू नये आणि ॲल्युमिनियमच्या ट्रेला तर तो खातोच. बाजूच्या किंवा मागच्या पत्र्यावर हात फिरवून पाहा. तो खरखरीत, चमक नसलेला असेल तर ते उत्प्रेरक अस्तर असू शकते. अशा अस्तरावर तेल तापमानाने आपोआप जळून जाते, आणि लेप, साबण किंवा घासणी लागली की त्याची छिद्रे बुजतात. तिथे काहीही लावू नका.

वलये क्षारांचीच आहेत. धरणाचे पाणी तुलनेने मृदू असते. आमच्याकडे नव्या मुंबईत मोरबे धरणाचे पाणी आहे आणि असा त्रास फारसा दिसत नाही. टँकरचे पाणी पुष्कळदा विहिरीचे किंवा बोअरचे असते. ते तापले की त्यातला चुना खाली बसतो. सौम्य व्हिनेगर फडक्याला लावून वलयांवर काही मिनिटे ठेवावे आणि लगेच साध्या पाण्याने पुसून घ्यावे, जास्त वेळ राहू देऊ नये. पुढच्या फेऱ्यांसाठी आरओचे पाणी घ्या, किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी.

काच मात्र पातीने खरवडू नका, ही माझी कळकळीची विनंती. काचेवर बारीक ओरखडा पडला, तर तापल्यावर तिथूनच ती फुटून तिचा चुरा होऊ शकतो. सोड्याचा लेपच तिथेही लावा. आणि तळ स्वच्छ राहावा म्हणून अनेक जण तिथे ॲल्युमिनियमची फॉइल अंथरतात, तेही करू नये. उष्णता खाली कोंडते, फॉइल मुलाम्याला चिकटते आणि मग ती कशानेच निघत नाही. चिकन भाजताना जाळीच्या खालच्या कप्प्यात खोल ट्रे ठेवला की पुरते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पाणसळ ठेवून पाहिली आणि आपण म्हणता तसेच निघाले. बुडबुडा स्पष्टपणे उजवीकडे जात होता. सुताराने फळीखाली डाव्या बाजूला पॅकिंग दिले आणि आता ओतलेले पाणी तळभर सारखे पसरते. आरओचे पाणी वापरल्यापासून नवी वलये उमटलेली नाहीत आणि जुनी व्हिनेगरने गेली. बाजूचे पत्रे गुळगुळीत आहेत, म्हणजे अस्तराची चिंता नाही.

डागाच्या कडेचा मधाचा रंग सोड्याच्या लेपाने बराच उतरला आहे. मधला काळा भाग अजून आहे, पण आता त्याच्या कडेला नख लागते, म्हणजे तो सुटू लागला आहे असे समजते आणि लेप चालू ठेवते. काचेचेही शिंतोडे पुष्कळ कमी झाले. मात्र आता नीट पाहिल्यावर लक्षात आले, की काही ओघळ दाराच्या दोन काचांच्या मधे आहेत. पुस्तिकेत आतली काच काढण्याची आकृती आहे, त्यात दाराच्या वरच्या पट्टीचे दोन स्क्रू सोडवायला सांगितले आहे. दार बिजागऱ्यांवरून न उतरवता, जागेवरच ही काच काढणे सुरक्षित आहे का? की बिजागरीचा खटका लावून दार ओट्यावर आडवे ठेवूनच ते करावे?