क्यूआर कोणाचा, पैसे कोणाचे?
यूपीआयमुळे सुट्ट्या पैशांची कटकट संपली, असं सगळे म्हणतात, ते मान्य. पण गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जरा टोपलीमागे बघा. मिरच्या विकते मावशी, क्यूआर मात्र बरेचदा मुलाच्या खात्याचा. पूर्वी संध्याकाळची रोकड तिच्या हातात असायची. घरी जाताना सुंगटं (कोळंबी) घ्यायची की नाही, ते तीच ठरवायची. आता पैसे जमा झाले का, हे विचारायलाही मुलाला फोन (त्याने उचलला तर!). बोलणारा डबा (साउंडबॉक्स) जमा झालेली रक्कम सांगतो, पण खातं कोणाचं ते काही बदलत नाही. साध्या कीपॅड फोनवर, इंटरनेटशिवाय चालणारं यूपीआय १२३पे २०२२ पासून आहे, त्यावर शिल्लकही कळते. बँकांनी बाजारात येऊन तिच्याच नावाचा क्यूआर काढून द्यावा. घरच्यांना तो आवडेलच असं नाही.